ऐनाच्या सालीची फडकी

सरस्वती रविवारी साडेअकराला बाळकुमला पोचली, तेव्हा तिला चहा विचारायचं भान कुणालाच राहिलं नाही. घरातल्या पाचही जणांनी आधी तिच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि मग तोंडाकडे. सगुणेला तोंड बघूनच कळलं. वीस वर्षं मासळीबाजारात बसलेल्या बाईला गिऱ्हाइकाचं तोंड वाचता येतं, ही तर सख्खी नणंद.

"किती?" मनुबाईने लेकीला विचारलं.

"तेरा," सरस्वती म्हणाली आणि मोरीत पाय धुवायला गेली.

तेरा म्हणजे वाईट, एवढं आता त्या घरात सगळ्यांना कळत होतं. महिन्यापूर्वी कुणाला कळलं नसतं. सरस्वती डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट होती. घरातली पहिली बी.एस्सी., त्यामुळे तिच्या शब्दाला मान होता आणि तिच्या स्वयंपाकाला नव्हता. तिच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. उन्हातले जे किरण कातडी भाजतात तसले किरण त्यात एका बाजूने सोडायचे, मध्ये कापड धरायचं, की शंभरातले किती पार झाले ते यंत्र सांगायचं. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाने टोप्यांच्या कापडाबद्दल पत्र पाठवलं, तेव्हा साहेबांनी तिला ते शिकवलं होतं. कोऱ्या पांढऱ्या सुती कापडातून एकतीस पार होत. मनुबाईने ऐनाच्या सालीत उकळलेल्या रुमालाएवढ्या तुकड्यातून फक्त तीन. तो तीनचा आकडा ऐकून सगुणा पदर तोंडाला लावून रडली होती. आणि आज, त्याच ताग्याच्या कापडाची, त्याच सालीत, त्याच काहिलीत रंगवलेली अख्खी फडकी तेरावर आली होती.

मशीनने सांगायची गरजही नव्हती खरं तर. ती फडकी डोक्याखांद्यावरून घेऊन सगुणा चार दिवस बाजारात बसली, आणि पाचव्या दिवशी तिच्या मानेवर आणि दंडांवर पुन्हा लाल चट्टे उठले. म्हणून तर शुक्रवारी फडकी डोंबिवलीला गेली.

सगुणेच्या अंगाला ऊन सोसत नाही, ही गोष्ट मानायलाच घराला सहा महिने लागले. कोळ्याच्या घरात असलं दुखणं कुणी ऐकलं नव्हतं. धाकट्या दिराने, धाकूने, तोंडावरच विचारलं होतं, "वयनी, तू काय आता मडमीण झालीस?" शेवटी कातडीच्या डॉक्टरने सांगितलं, उन्हात बसणं बंद. बंद म्हणजे किती, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाला, बंद म्हणजे बंद.

ठाण्याच्या बाजारातली त्यांची जागा शेडच्या अगदी कडेला होती. पत्र्याची सावली निम्म्या जागेवर पडे, आणि ती निम्मी जागा मासळीची. मासळी उन्हात नासते, माणूस नासत नाही, या हिशेबाने मनुबाईची सासू तिथे उन्हात बसली, मग मनुबाई बसली आणि मग सगुणा. छत्री लावून झाली, पण सकाळचं ऊन छत्रीखालून तिरकं येई. जाड टेरिकॉटची चादर पांघरून झाली, तर घामाने फोड दुप्पट. तेव्हापासून, म्हणजे दोन महिने, धाकूची बायको रंगू तिच्या ऐवजी बसत होती. मधले ते फडकीचे चार दिवस सोडले तर.

आणि आता बाजाराच्या ऑफिसातला माणूस तीनदा सांगून गेला होता: जी बाई बसते तिचं नाव पावतीवर हवं. पावतीवर सगुणेचं नाव आहे; ती बसणार नसेल तर सोमवारी अकरापर्यंत नाव बदलायचा अर्ज द्या, नाहीतर जागा रिकामी समजू. जागा मनुबाईकडून आलेली, तेव्हा नाव कुणाचं ते मनुबाईने ठरवायचं. त्यासाठीच आज सगळी जमली होती, रंगूसुद्धा माल लवकर संपवून.

"म्हणजे रंग फेल," धाकू म्हणाला. तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचा आवाज तसा वाईट नव्हता, फक्त जरा लवकर आला.

"रंग फेल नाय होत," मनुबाई म्हणाली. "तीस वर्सं मी साल उकळली. अख्ख्या गावाची जाळी माझ्या काहिलीतून जायची. एक जाळा कुजला नाय. तुमचा नायलॉन आला म्हनून काहील पालथी घातली."

"जाळ्याला फोड येत नाय, आय."

यावर भिवाजी हसला. सगुणेचा नवरा. जोरात नाही, नाकातल्या नाकात. पण सगुणेला ते हसणं चट्ट्यांपेक्षा झोंबलं. हाच माणूस पंधरा दिवसांपूर्वी टेम्पो घेऊन कल्याणला गेला होता, झाडपाल्याच्या चार दुकानांत भांडून ऐनाची साल पोतंभर आणली होती, आणि येताना शीळफाट्याला उतरून तिच्यासाठी भजी. त्याच्याकडे तिने बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"सोड आता, सगुणे," तो म्हणाला. "मान बघ कशी झालीय. करून बघितलं ना सगळं? रंगू बसतेय तर बसू दे. तू घर बघ."

"घर मी कधी बघितलंय?"

हे खरं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. वीस वर्षं सगुणा पहाटे धक्क्यावर आणि दुपारपर्यंत बाजारात. चूल आधी मनुबाईची होती, मग रंगूची. सगुणेच्या हातची आमटी घरात एकदाच झाली होती आणि तिचा विषय अजून निघे.

"शिकशील," भिवाजी म्हणाला.

"चाळिसाव्या वर्षी?"

"मग काय करणार आहेस? हॉस्पिटलात जाऊन पडणार?"

 सगुणेला वाटलं होतं, आज निदान नवरा आणि सासू आपल्या बाजूला असतील, समोर धाकू आणि रंगू, आणि सरस्वती मध्ये. आता नवरा उठून तिकडे गेला होता, जागेवरून न हलता. भीती वाटली तिला. घरी बसून आपण कोण होऊ, हे तिला खरोखर दिसत नव्हतं. बाजारात तिला नाव होतं. तिच्या जागेला लोक सगुणेची कडा म्हणत.

धाकूने बायकोला हाक मारली. "रंगू, तू बोल की. तुला जमतंय ना?"

रंगू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून कोलंबी सोलत होती. दुपारच्या जेवणाला नणंद आली होती, कामं थांबत नव्हती. "जमतंय," ती म्हणाली.

"जमतंय ते बाजार सांगेल," मनुबाई म्हणाली. "मी दुसरा इचारते. तुला जागा हवी हाय का?"

रंगूने मान वर केली. सासूकडे बघितलं, मग सगुणेकडे. "हवी आहे," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. बारा वर्षं या चुलीपुढे बसले. तिकडे बसल्यापासून मला बरं वाटतं."

सगुणेला राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ हायसंही वाटलं. दोन महिने रंगू रोज संध्याकाळी 'ताई, कसं वाटतंय आता' विचारायची, आणि त्या विचारण्यात काय आहे ते सगुणेला कळत नव्हतं. आता कळलं. कळलेलं बरं असतं.

"सरू," मनुबाई म्हणाली, "ती फडकी इकरं आन. आनि तो आधीचा तुकडा."

सरस्वतीने पिशवीतून दोन्ही काढलं. गडद विटकरी रंग, सुकलेल्या चिंचेसारखा. मनुबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिने ते डोळ्यांपेक्षा नाकानेच जास्त तपासलं. "साल तीच," ती म्हणाली. "रंग धराया हिरडाबी पडलाय."

"रंगात काहीच फरक नाही, आय," सरस्वती म्हणाली. "मी रंगाचा आकडा वेगळा काढला. तुकडा जेवढा गडद तेवढीच फडकी गडद. सालीतला तुरटपणा सुताला धरला की तो ऊन अडवतो, एवढं मला पुस्तकातून कळतं. मग दहा जास्त कुठून पार होतात ते मला कळेना. साहेबांनाही कळेना."

"मशीन बिघडलं असेल," भिवाजी म्हणाला.

"तीनदा लावलं, दादा. कोरं कापड लावलं की बरोबर एकतीसच."

"मग जाऊ दे ना," धाकू म्हणाला. "सायन्सलाच कळत नाय तर आपण काय डोकं फोडायचं? आय, नाव सांग, जेवायला बसू."

 मनुबाई फडकी मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत राहिली. सगुणेला दिसलं की म्हातारीला लाज वाटतेय. अख्खं गाव जिच्याकडे जाळी घेऊन यायचं, तिच्या सालीला आज डोंबिवलीच्या मशीनने नापास केलं होतं, आणि ते सांगायला पोटची पोरगी आली होती. आता ती रंगूचं नाव घेणार आणि आत जाऊन झोपणार, हे सगुणेला स्पष्ट कळलं.

"घडीच बसत नव्हती तिची," रंगू म्हणाली.

ती कुणाशी बोलली असं नाही. कोलंबीचं साल काढता काढता बोलली.

"कसली घडी?" सरस्वतीने विचारलं.

"फडकीची. रंगवल्यावर मी घडी घालून पेटीत ठेवायला गेले, तर मावेना. कोरी होती तेव्हा मावायची. वीतभर वाढली होती ती. ताणली ना आपण बांबूवर."



ताणली होती, हे खरं. सगळ्यांनी मिळून ताणली होती. साल पाजलेलं जाळं काहिलीतून काढलं की ओलं असतानाच दोन्हीकडून ओढून बांबूंवर बांधायचं, खालच्या काठाला दगड लटकवायचे, नाहीतर ते आखडतं आणि गाठी फिरतात. या घरातल्या पोराला चालता येण्याआधी हे येतं. वीस वर्षांनी काहील पेटली होती, मनुबाई मध्ये उभी राहून 'अजून वढ, अजून वढ' म्हणत होती, धाकू आणि भिवाजी एका टोकाला आणि दोघी जावा दुसऱ्या टोकाला. सगुणेने स्वतः दगड बांधले होते. हसली होती सगळी त्या दिवशी. ते जाळं नाही, कापड आहे, हे एकाच्याही मनात आलं नाही. आणि तो रुमालाएवढा तुकडा? तो कोण ताणणार? तो मनुबाईने सुपावर टाकून दिला होता, तिथेच वाळला.

सगुणा उठली. सासूच्या मांडीवरची फडकी घेऊन खिडकीशी गेली आणि कापड उजेडात धरलं. मग शेजारी तुकडा धरला. आता बघायचं काय ते माहीत होतं, त्यामुळे दिसायला वेळ लागला नाही. जाळ्याच्या भोकाला कोळी आस म्हणतात. फडकीला आस पडले होते. सुईच्या टोकाएवढे, पण सगळीकडे, ओळीने. तुकडा घट्ट होता.

"सरू, हे बघ."

सरस्वती येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "रंग सुताला लागतो. भोकाला कसा लागेल? मी आठ तास रंग तपासत बसले आणि कापड उजेडात धरलं नाही. आणि पगार घेते याचा."

"मंग रंग पास?" मनुबाईने विचारलं.

"रंग पास, आय. वाळत घालणं फेल."

"ते मीच सांगितलेला," मनुबाई म्हणाली. मग म्हणाली, "पानी तापवा. उकळत्या पान्यात घातला की सूत मागं येतंय. माज्या लुगड्याचं किती येळा झालंय. उरलेली साल हाय ती टाका. आनि आता कोनी वढायचा नाय."

भिवाजी लाकडं आणायला गेला, जाताना सगुणेच्या अंगावरून गेला आणि काहीतरी पुटपुटला. तिने ते ऐकून घेतलं नाही. त्याच्याशी हिशेब नंतर. धाकू मात्र भिंतीशीच होता, आणि तो बायकोकडे बघत होता. रंगूचे हात कोलंबीत तसेच थांबले होते.

जेवणं उशिरा झाली. परसात काहील चढली. धाकू जेवून तसाच बाहेर गेला. सरस्वती आईशेजारी कलंडली. दोघी जावा काहिलीपाशी उरल्या, एक लाकडं सारायला आणि एक काठीने कापड दाबायला. वाफेला तुरट वास येत होता, आणि एप्रिलचं ऊन परसाच्या दुसऱ्या अर्ध्यात होतं, तिकडे सगुणा जात नव्हती.

लाकूड आत सारत सगुणा म्हणाली, "गप्प बसली असतीस तर आय तुझं नाव घेणार होती."

"माहीत आहे."

"मग?"

रंगूने काठी फिरवली. "मला काय सुचलं होतं ताई, की हे बोलले की जागा जाईल? घडीचं मनात होतं, तोंडातून गेलं. बोलून झाल्यावर कळलं. ह्यांचं तोंड बघितलं तेव्हा."

सगुणेला हसू आलं आणि ते तिने दाबलं नाही. रंगू हसली नाही. ती काहिलीत बघत म्हणाली, "तरी सांगते, अजून हवीच आहे मला. मशीन परत तेरा म्हणालं तर मी नको म्हणणार नाही."

"नको म्हणूच नकोस," सगुणा म्हणाली.

फडकी काढून परसातल्या सावलीत चटईवर नुसती टाकली. मनुबाई तिच्याशेजारी काठी घेऊन बसली. शेजारचा एक कुत्रा तेवढा तिकडे फिरकला. पाचला कापड वाळलं. रंगूने घडी घालून पेटीत ठेवून बघितलं, आणि ती मावली. मग भिवाजीने बहिणीला टेम्पोत बसवून डोंबिवलीला नेऊन सोडलं.

सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, बाजाराला कुणी गेलं नव्हतं. दहा वाजता समोरच्या किराणा दुकानात फोन आला. सगुणा आठपासूनच तिथे पोत्यावर बसली होती. अर्ज मनुबाईच्या कमरेला, नावाची जागा कोरी.

"चार," सरस्वती म्हणाली.

"तीन नाही?"

"चार, वहिनी. तेही चांगलंच आहे. कोऱ्या कापडापेक्षा सातआठ पट कमी पार होतं. पण ऐक, बारानंतर बसायचं नाही. डॉक्टरांना दाखवायचं. आणि वाळवताना—"

"कळलं गं बाई."

घरी येऊन तिने आकडा सांगितला. मनुबाईने कमरेचा कागद काढला, चार तुकडे केले आणि चुलीत घातले. पावतीवर सगुणेचं नाव होतं ते राहिलं. धाकू आंघोळीला गेला. रंगू भाकरी थापत होती, तिने थापणं थांबवलं नाही. फक्त ती भाकरी नेहमीपेक्षा पातळ झाली आणि उचलताना फाटली.

मंगळवारी बाजारात दोघी गेल्या. दोन महिन्यांत रंगूने सुऱ्या, पाट, बर्फवाला सगळं बदललं होतं, आणि मधल्या चार दिवसांत सगुणेचा हात त्यावर बसला नव्हता, म्हणून रंगू सोबत आली होती. सगुणा कडेला बसली. फडकी डोक्यावरून घेऊन दोन्ही दंडांवर ओढली. शेजारची कमळाबाई मागच्या खेपेला गावाला गेली होती, तिने विचारलं, हा काय मळकट रंग घेतलास. जाळ्याचा, सगुणा म्हणाली. नऊच्या सुमाराला ऊन छपराच्या खालून आत आलं आणि फडकीवर पडलं. तिला ऊब लागली, जळजळ नाही. तिने मनात उन्हाची मिनिटं मोजायला सुरुवात केली होती, ती मोजणी कधी सुटली ते तिलाच कळलं नाही, कारण गिऱ्हाईक आलं.

नौपाड्याच्या एक निवृत्त बाई होत्या, पंधरा वर्षांच्या गिऱ्हाईक. त्यांनी सगुणेला ओळख दिली, तब्येत विचारली आणि मग मागे उभ्या असलेल्या रंगूकडे वळल्या.

"अगं, तू उभी का आज? माझी सुरमई तूच काप. तुकडे सारखे करतेस."

सगुणेला ते लागलं. पंधरा वर्षं या बाईला आपण सुरमई कापून दिली, आणि तुकडे सारखे नव्हते हे ती आज सांगतेय. रंगू हलली नाही. ती सगुणेकडे बघत होती, जाण्यासाठी पिशवी आधीच खांद्याला लावलेली.

सगुणेने मासळीच्या बाजूला बघितलं. एके काळी तिथे चार टोपल्या असायच्या, आता दोनच. पत्र्याखाली एक माणूस आरामात मावत होतं. ते कधीपासून मावत होतं कोण जाणे.

"बस," ती म्हणाली.

"कुठे?"

"तिथे, मासळीजवळ, सावलीत. कापायचं तू बघ. भाव मी करते."

"आणि ऊन?"

"ऊन माझ्याकडे राहू दे. बारा वाजले की मी उठणार, मग सगळीच कडा तुझी."

रंगूने पिशवी खाली ठेवली. लुगडं सावरून ती पत्र्याखाली बसली, सुरमई पाटावर घेतली, आणि बाईंना डोकं हवं का विचारलं. तिचा आवाज नीट निघाला नाही, म्हणून सगुणेने तोच प्रश्न मोठ्याने परत विचारला.